मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीचं भाडं कोण भरत होतं? राऊल हिलबर्ग यांचं काम, सोप्या भाषेत

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्या फुकट धावत नव्हत्या. जर्मन रेल्वे त्यांचं रीतसर भाडं लावत असे. दर तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे माणशी किलोमीटरला ४ फेनिग (१०० फेनिगांचा एक मार्क). दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालची फुकट. चारशेपेक्षा जास्त माणसं एकत्र निघाली की गटसवलत, भाडं निम्म्यावर. नेल्या जाणाऱ्यांचं तिकीट एकेरी. पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन.

हिशेब करून पाहू. हजार माणसं, अंतर ५०० किलोमीटर, सवलतीचा दर २ फेनिग: एका गाडीचे १०,००० मार्क. बिल लागायचं गाडी मागवणाऱ्या खात्याच्या नावावर, म्हणजे सुरक्षा पोलिसांच्या. बुकिंगला सरकारी प्रवासी कंपनी होती, लोकांच्या सुट्टीच्या सहलींची तिकिटं काढणारीच.

हे तपशील खणून काढून त्यांचा अर्थ लावणारे अभ्यासक म्हणजे राऊल हिलबर्ग (१९२६–२००७). पदवी राज्यशास्त्राची, नोकरी राज्यशास्त्र विभागातली, आणि ओळख मात्र होलोकॉस्टचे, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे, सर्वात मोठे इतिहासकार अशी. हा दुहेरीपणाच त्यांचं काम समजून घेण्याची किल्ली आहे. युद्धानंतरच्या वर्षांत बहुतेकांचा प्रश्न होता, ‘हे का घडलं?’ हिलबर्ग यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘हे नेमकं कसं केलं गेलं?’ कुठल्या खात्याने, कुठल्या कलमाखाली, कुणाच्या सहीने, कुणाच्या पैशाने? मोठे प्रश्न आधी विचारले की उत्तरं छोटी मिळतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

व्हिएन्ना ते ब्रुकलिन

जन्म २ जून १९२६, व्हिएन्ना. ज्यू कुटुंब, वडिलांचा किरकोळ मालविक्रीचा धंदा. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि या कुटुंबाला बंदुकीच्या धाकाने राहत्या घरातून काढलं गेलं. वडिलांना अटक झाली. पहिल्या महायुद्धात ते ऑस्ट्रियाच्या सैन्यात लढले होते, म्हणून सुटले. १ एप्रिल १९३९ रोजी हिलबर्ग कुटुंबाने व्हिएन्ना सोडलं. फ्रान्समार्गे क्युबा, तिथे काही महिने, आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेतलं मायामी. त्याच दिवशी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. मागे राहिलेल्या नातेवाइकांपैकी २६ जण मारले गेले.

ब्रुकलिनमध्ये शाळा झाली. कॉलेजात आधी रसायनशास्त्र घेतलं, ते जमलं नाही, काही काळ कारखान्यात काम केलं, मग लष्करात भरती. युद्धाच्या शेवटी म्युनिकमध्ये नाझी पक्षाच्या इमारतीत मुक्काम असताना हिटलरचा खासगी ग्रंथसंग्रह खोक्यांत भरलेला त्यांच्या नजरेला पडला. जर्मन कागदांशी त्यांची गाठ पडली ती अशी.

परत आल्यावर ब्रुकलिन कॉलेजात हान्स रोझेनबर्ग या प्राध्यापकांनी त्यांना प्रशियाची नोकरशाही शिकवली. नोकरशाही राज्याच्या आत कशी रुजते, सत्ताधारी बदलले तरी ती कशी टिकते, हा त्यांचा विषय. एका व्याख्यानात ते म्हणाले, आधुनिक काळात नागरिकांवर सर्वात भीषण अत्याचार झाले ते नेपोलियनने स्पेन व्यापलं तेव्हा. हिलबर्ग यांनी वर्गातच विचारलं, मग साठ लाख ज्यूंचं काय? प्राध्यापकांनी ‘ते गुंतागुंतीचं आहे’ अशा अर्थाचं काही बोलून विषय संपवला. रोझेनबर्ग स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले होते. असा माणूसही वर्गात हा विषय टाळत होता, यावरून १९४०च्या दशकातलं वातावरण ध्यानात यावं.

१९४८ मध्ये पदवी घेऊन हिलबर्ग कोलंबिया विद्यापीठात आले. १९५० मध्ये एम.ए., १९५५ मध्ये पीएच.डी. मार्गदर्शक होते फ्रान्झ नॉयमान, तेही जर्मनीतून आलेले, मूळचे कामगार कायद्याचे वकील. ज्यूंच्या संहारावर प्रबंध लिहायचाय म्हटल्यावर नॉयमान यांनी होकार दिला, पण ‘यात तू स्वतःचीच कबर खणतोयस’ अशा अर्थाचा इशाराही दिला. खोटा नव्हता तो. या विषयावर तेव्हा ना नोकऱ्या होत्या ना प्रकाशक. पुढे १९५४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात नॉयमान गेले आणि प्रबंध दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पूर्ण करावा लागला.

चार खांब, चार गठ्ठे

नॉयमान यांच्याकडून हिलबर्ग यांनी घेतला तो एक आराखडा. बाहेरून नाझी राज्य एकखांबी दिसतं: वर हिटलर, खाली सगळे आज्ञाधारक. नॉयमान यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं की आत चार स्वतंत्र उतरंडी आहेत: सरकारी खाती, सैन्य, उद्योग आणि पक्ष. प्रत्येकीचे नियम वेगळे, हितसंबंध वेगळे. त्या आपसात भांडतात, सौदे करतात आणि गरज पडली की जुळवून घेतात.

हिलबर्ग यांनी हा आराखडा ज्यूंच्या संहाराला लावला. योगायोग म्हणा, पण न्यूरेंबर्ग खटल्यांसाठी जप्त केलेल्या कागदांचे मोठे गठ्ठेही जवळपास याच धर्तीवर पाडलेले होते. ‘एनजी’ म्हणजे मंत्रालयांचे, ‘एनआय’ उद्योगांचे, ‘एनओ’ पक्ष व एसएसचे (एसएस म्हणजे नाझी पक्षाचं सशस्त्र दल), ‘एनओकेडब्ल्यू’ सैन्याच्या वरिष्ठ कमांडचे. एकच गठ्ठा वाचणाऱ्याला एकच खातं दोषी दिसतं. एसएसचे कागद वाचले की सगळं एसएसनेच केलं असं वाटतं, आणि युद्धानंतर जर्मन सैन्याला, रेल्वेला, बँकांना नेमकं तेच हवं होतं. हिलबर्ग यांनी चारही गठ्ठे समोरासमोर ठेवून वाचले.

त्यातून त्यांना दिसलं ते असं: या कामासाठी स्वतंत्र मंत्रालय नव्हतं, अंदाजपत्रकात वेगळी तरतूद नव्हती, सगळं ठरवणारी एक मूळ योजनाही नव्हती. कामं आधीच्याच खात्यांनी आपापल्या नेहमीच्या पद्धतीने केली. अर्थखात्याने कर वसूल केला, गृहखात्याने व्याख्या केली, रेल्वेने गाड्या सोडल्या, नगरपालिकांनी रिकाम्या घरांचं वाटप केलं.

पायऱ्या

हिलबर्ग यांची सर्वात जास्त उद्धृत होणारी मांडणी म्हणजे संहाराच्या पायऱ्या: व्याख्या, मालमत्ता काढून घेणं, एका जागी कोंडणं आणि शेवटी ठार मारणं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी यंत्रणा तयार करून ठेवते.

व्याख्येची पायरी वरवर निरुपद्रवी वाटते, म्हणून तिथे जरा थांबू. कायद्याने ज्यूंना नोकरीतून काढायचं तर कारकुनाला आधी कळायला हवं की ज्यू कोण. एप्रिल १९३३ च्या पहिल्या प्रयत्नात ‘अनार्य’ असा शब्द वापरला आणि आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी माणूस अनार्य ठरवला. यात दोन अडचणी झाल्या. जाळं फार मोठं पडलं, अर्धे-पाव ज्यू असलेले हजारो जर्मन त्यात आले. आणि ‘अनार्य’ म्हटल्यावर जपानसारख्या देशालाही ते बोचलं.

म्हणून ज्यूंविरुद्धच्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर १४ नोव्हेंबर १९३५ रोजी गृहखात्याने नवी व्याख्या काढली. चारपैकी तीन किंवा चार आजी-आजोबा ज्यू असले तर माणूस ज्यू. दोन असतील तर आणखी चौकशी: तो ज्यू धर्मसंस्थेचा सदस्य आहे का? त्याचा जोडीदार ज्यू आहे का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली तर तो ‘पहिल्या दर्जाचा मिश्र’. एकच आजी किंवा आजोबा ज्यू असेल तर ‘दुसऱ्या दर्जाचा मिश्र’. आता गंमत पाहा. हे सगळं ‘वंशा’चं शास्त्र म्हणवलं जात होतं, पण आजोबांचा वंश ओळखायचा कसा? तर त्यांच्या धर्मावरून. म्हणजे पुरावा शेवटी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतच सापडायचा. लाखो जर्मन दाखले काढायला चर्चच्या कचेऱ्यांत गेले आणि पाद्री मंडळींनी ते दिले. त्या पाद्र्यांपैकी कुणी कुणाला मारलं नाही. पण त्या दाखल्यांवाचून पुढची एकही यादी झाली नसती.

यादी झाली की खुणा आल्या. ज्यूंच्या नावात ‘इस्रायल’ किंवा ‘सारा’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९ पासून सक्तीचं झालं. ऑक्टोबर १९३८ पासून पासपोर्टवर ‘जे’ अक्षर. सप्टेंबर १९४१ पासून जर्मनीत कपड्यांवर पिवळा तारा.

मालमत्तेची पायरी अर्थखात्याची. एप्रिल १९३८ मध्ये ५,००० मार्कांपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या ज्यूंनी ती नोंदवावी असा हुकूम निघाला. नोव्हेंबरमध्ये सिनेगॉगं (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळली गेली, दुकानं फोडली गेली, आणि त्या नुकसानीबद्दल दंड बसला तो ज्यूंनाच: १ अब्ज मार्क. हा दंड वसूल करणं सोपं गेलं, कारण कुणाकडे किती आहे हे एप्रिलच्या नोंदींमुळे कचेरीत तयारच होतं. मालमत्तेच्या २० टक्के, चार हप्त्यांत. मग पाचवा ५ टक्क्यांचा हप्ता लावला आणि एकूण वसुली १ अब्ज १२ कोटींवर गेली.

देश सोडून जाणाऱ्याला आणखी एक कर होता, मालमत्तेच्या चौथाईचा. तो नाझींनी आणलेला नाही. भांडवल देशाबाहेर जाऊ नये म्हणून १९३१ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधी, तो बसवला गेला होता. नाझींनी फक्त त्याची मर्यादा खाली आणली. जुना कायदा, जुने कारकून, नवा उपयोग: हिलबर्ग यांचा सगळा मुद्दा या एका करात सापडतो.

शेवटची कडी २५ नोव्हेंबर १९४१ च्या नियमाची. परदेशी वास्तव्य करणाऱ्या ज्यूचं नागरिकत्व जातं आणि मालमत्ता सरकारजमा होते, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे हद्दपारीच्या गाडीने सीमा ओलांडली की घरदार, बँकखातं, विमा आपोआप सरकारचा. वेगळा हुकूम लागत नाही. पण जर्मन ताब्यातल्या चेक भूमीवरच्या थेरेझिएनश्टाटसारखं ठिकाण कायद्याने ‘परदेश’ धरलं जात नव्हतं. तिथे पाठवायच्या माणसाला निघण्याआधी दुसऱ्या कायद्याखाली वेगळा जप्तीआदेश बजावावा लागे, आणि तो बजावला जाई.

कोंडण्याची पायरी पोलंडमध्ये सर्वात ठळक दिसते. वॉर्सा घेट्टो, म्हणजे ज्यूंची कोंडवस्ती, नोव्हेंबर १९४० मध्ये बाहेरच्यांपासून बंद झाला: सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून जास्त माणसं, खोलीमागे सरासरी सात. आतला कारभार जर्मनांनी नेमलेल्या ज्यू मंडळाकडे. धान्यवाटप, मजुरांच्या याद्या, स्वच्छता, पोलीस, सगळं त्यांच्याच हातून करून घ्यायचं. याच मंडळांमुळे हिलबर्ग पुढे मोठ्या वादात सापडले.

ठार मारण्याच्या पायरीवर दोन वाटा होत्या. सोव्हिएत भूमीवर मारणारे लोकांकडे गेले: सुमारे ३,००० माणसांची चार फिरती पथकं, त्यांच्या मदतीला पोलीस आणि सैन्य. बाकी युरोपात लोकांना मारणाऱ्यांकडे आणलं गेलं. या दुसऱ्या वाटेवर सगळा भार रेल्वेचा.

कागद क्रमांक ५८७

क्लोद लान्झमान यांच्या १९८५ च्या साडेनऊ तासांच्या ‘शोआ’ या माहितीपटात हिलबर्ग एक कागद हातात घेऊन समजावून सांगतात. रेल्वेचा वेळापत्रक आदेश, क्रमांक ५८७. पोलंडमधल्या गावांहून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला जाणाऱ्या विशेष गाड्यांचा. ५० मालडबे. कुठून सुटणार, कुठल्या स्टेशनवर किती वाजता, कधी पोचणार, आणि मग तीच गाडी रिकामी परत, पुढच्या गावासाठी. कागदात ‘ज्यू’ मारले जाणार आहेत असं कुठेच नाही. पण भरलेली जाते आणि रिकामी येते, पुन्हा भरून जाते, पुन्हा रिकामी. ट्रेब्लिंका हे छोटंसं स्टेशन. एवढी माणसं तिथे उतरतात आणि परत कुणीच निघत नाही.

या कागदावर ‘गुप्त’ असा शिक्काही नाही. फक्त ‘कार्यालयीन वापरासाठी’. अशा कागदावर गुप्ततेचा शिक्का का नसावा? हिलबर्ग यांचं उत्तर असं की शिक्का मारला असता तर स्टेशनांवरच्या माणसांचं कुतूहल चाळवलं असतं, यात एवढं लपवण्यासारखं काय, असं लोक विचारत बसले असते. साध्या कागदाकडे कुणी दोनदा पाहत नाही. शिवाय तो ज्यांच्याकडे पोचणं भाग होतं ते साधे लोकच होते: स्टेशनमास्तर, इंजिनाची व्यवस्था पाहणारे, डबे मोजणारे.

हिलबर्ग यांच्या आधीच्या अभ्यासकांनी रेल्वेकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. लाखो नोकर असलेली ही संस्था ‘आम्ही फक्त गाड्या चालवल्या’ म्हणून मोकळी झाली होती. पण वरच्या माणसांना माहीत होतं. २८ जुलै १९४२ रोजी वाहतूक खात्याचे सचिव गान्झेनम्युलर यांनी एसएसचा प्रमुख हिमलर याच्या कार्यालयातल्या कार्ल वोल्फला कळवलं की २२ जुलैपासून वॉर्साहून ट्रेब्लिंकाला ५,००० ज्यूंची एक गाडी रोज जाते आहे. वोल्फने ऑगस्टमध्ये आनंद व्यक्त करत आभार मानले.

व्यवहार बिघडायचा तो पैशावरून. ग्रीसमधल्या सालोनिकाहून १९४३ मध्ये गेलेल्या गाड्यांना अनेक देशांच्या सीमा, म्हणजे अनेक चलनं. बिल झालं २० लाख मार्कांच्या घरात, आणि ते तिथल्या लष्करी कमांडने ज्यूंच्या जप्त मालमत्तेतून भरावं अशी अपेक्षा. ते पैसे काही रेल्वेच्या हाती पडले नाहीत, पण गाड्या थांबल्या नाहीत. थकबाकीचा पत्रव्यवहार तेवढा मागे राहिला. मारल्या जाणाऱ्यांनीच आपलं भाडं भरायचं, अशी ही रचना होती. त्यासाठी कुठल्याच खात्याला संसदेकडे पैसे मागावे लागले नाहीत.

कागद वाचायचा कसा

हिलबर्ग यांनी आयुष्याच्या अखेरीस, २००१ मध्ये, फक्त साधनांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. नव्या अभ्यासकाने त्यापासूनच सुरुवात करावी. त्यातली शिस्त थोडक्यात अशी.

मजकुराच्या आधी चौकट पाहा. लेटरहेड कुणाचं, जावक क्रमांकात कुठल्या शाखेचं चिन्ह, सही कुणाची आणि आद्याक्षरं कुणाची, प्रती कुणाकुणाला. आपल्याकडच्या शासकीय परिपत्रकाच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ची यादी असते ना, तसंच. त्या यादीवरून कळतं की कोणाकोणाला माहीत होतं, आणि ‘आम्हाला कल्पना नव्हती’ या बचावाचं काय करायचं ते तिथेच ठरतं.

मग भाषा. ‘स्थलांतर’, ‘पुनर्वसन’, ‘विशेष वागणूक’, ‘अंतिम उपाय’ असे शब्द सुटे वाचले की फसवतात. एसएसचा संख्याशास्त्रज्ञ कोरहेर याने १९४३ च्या सुरुवातीला युरोपातल्या ज्यूंच्या घटीचा अहवाल तयार केला. त्यात ‘विशेष वागणूक’ हा शब्द कुठेही येऊ नये, असं हिमलरच्या कार्यालयाने त्याला लेखी कळवलं. म्हणजे झाकण्यासाठी घेतलेला शब्दही तोवर उघडा पडला होता. तो बदलायला सांगणारं पत्र मात्र फाइलीत राहून गेलं.

आणि शेवटी, एक कागद कधीच एकटा वाचायचा नाही. रेल्वेच्या आदेशाशेजारी पोलिसांचं पत्र, त्याशेजारी अर्थखात्याची पावती. इथे चूक होते ती एका ठळक कागदावर सगळा इमला रचण्याची. २० जानेवारी १९४२ ची वान्झे बैठक बहुतेकांना ‘निर्णयाची बैठक’ म्हणून ठाऊक असते. पण त्या तारखेला फिरत्या पथकांनी लाखो माणसं मारून झाली होती आणि खेल्मनोची मृत्युछावणी सुरू होती. पंधरा जणांच्या त्या बैठकीत मुख्यतः खात्याखात्यांची कामं जुळवली गेली.

वाचलेल्या लोकांच्या साक्षींवर हिलबर्ग यांचा भर कमी. छावणीतल्या माणसाला तारीख, हुकूम, खातं क्वचितच माहीत असायचं. शिवाय जे वाचले ते मेलेल्यांचं प्रातिनिधिक चित्र नव्हेत, असं त्यांचं कारण. कारणात तथ्य आहे, पण किंमतही आहे: त्यांच्या मुख्य ग्रंथात मारणारे माणसं म्हणून दिसतात आणि मरणारे बहुतेकदा आकडे म्हणून. स्वतः हिलबर्ग यांनी ही पोकळी एका ठिकाणी तरी भरून काढली. वॉर्साच्या ज्यू मंडळाचे प्रमुख आदाम चेर्नियाकुफ यांची रोजनिशी त्यांनी इतर दोघांसोबत संपादित करून १९७९ मध्ये इंग्रजीत आणली. जुलै १९४२ मध्ये घेट्टोतून रोज हजारोंना बाहेर काढण्याचा हुकूम आला. अनाथ मुलांना तरी वगळा ही त्यांची विनंती मान्य झाली नाही, आणि २३ जुलैला चेर्नियाकुफ यांनी विष घेतलं. रोजनिशी त्याच दिवशी संपते.

पुस्तक छापलं जाईना

प्रबंधाला कोलंबियाचं पारितोषिक मिळालं, तरी संपूर्ण हस्तलिखित छापण्यावर विद्यापीठाच्या प्रकाशनाशी जमलं नाही. १९५६ मध्ये हिलबर्ग व्हरमाँट विद्यापीठात रुजू झाले. छोटं राज्य, छोटं विद्यापीठ, आणि शिकवायला आंतरराष्ट्रीय संबंध. निवृत्त झाले ते १९९१ मध्ये तिथूनच.

१९५८ मध्ये होलोकॉस्टच्या स्मृती जपणाऱ्या जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने नकार कळवला. कारणं दोन: साधनं जवळपास सगळी जर्मन, आणि ज्यूंच्या प्रतिकाराबद्दलचं मूल्यमापन मान्य नाही. १९५९ मध्ये प्रिन्स्टनच्या विद्यापीठ प्रकाशनाने नकार दिला. तिथे हस्तलिखित वाचून मत देणाऱ्या होत्या विचारवंत हाना आरेन्ट. या विषयावर आधीच पुरेसं लिहून झालंय, असा त्यांचा शेरा. अखेर १९६१ मध्ये शिकागोच्या क्वाड्रँगल या छोट्या प्रकाशकाने ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द युरोपियन ज्यूज’ छापलं, तेही युरोपातून आलेल्या एका निर्वासित कुटुंबाने १५,००० डॉलर दिले तेव्हा. त्या पैशातून ग्रंथालयांसाठी प्रती घ्यायच्या असं ठरलं होतं. दोन रकान्यांत बारीक टाइपात जवळपास ८०० पानं.

दोन वर्षांनी आरेन्ट यांचं, ज्यूंच्या हद्दपारीची व्यवस्था पाहणारा एसएस अधिकारी आइकमन याच्या खटल्यावरचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. त्यातली बरीचशी माहिती हिलबर्ग यांच्या ग्रंथावर उभी आहे. हिलबर्ग हे विसरले नाहीत, पण त्यांची तक्रार केवळ श्रेयाची नव्हती. आइकमन म्हणजे फक्त हुकूम पाळणारा सामान्य कारकून, हे त्यांना मुळातच पटत नव्हतं. जर्मन प्रशासनाच्या जंगलातून आजवर कुणी न केलेल्या कामासाठी त्याने वाटा शोधून काढल्या. त्याला सामान्य म्हणता येत नाही, असं त्यांचं मत. माझ्या मते इथे हिलबर्ग यांची बाजू भक्कम आहे: चार खात्यांना एका कामाला लावणं किती अवघड असतं, हे ज्याने फायली चाळल्यात त्यालाच कळतं.

जर्मनीत तर आणखी उशीर. एका मोठ्या प्रकाशकाने १९६३ मध्ये हक्क घेतले आणि दोन वर्षांनी माघार घेतली. जर्मन भाषांतर आलं १९८२ मध्ये, बर्लिनच्या एका छोट्या प्रकाशनाकडून.

तीन वाद

पहिला वाद ज्यू मंडळांचा. संहाराला तोंड देताना माणसं पाच प्रकारे वागतात, असं हिलबर्ग यांनी मांडलं: प्रतिकार, झळ कमी करण्याचा प्रयत्न (अर्ज-विनंत्या, लाच, उपयोगी ठरणं), पळ, हतबल होणं, आणि निमूट पालन. युरोपातल्या ज्यूंनी शतकानुशतकांच्या अनुभवातून दुसरा आणि पाचवा मार्ग धरला, कारण पूर्वी तो लागू पडत असे, असं त्यांचं म्हणणं. याद्या करून देणारी मंडळं त्यामुळे यंत्राचा एक भाग झाली. हे वाचून अनेकांना राग येणं साहजिक होतं. खुद्द नॉयमान यांनी एम.ए.च्या प्रबंधातला हा भाग ‘सहन होण्यापलीकडचा आहे’ म्हणून काढायला लावला होता. टीकाकारांचा मुद्दाही वजनदार आहे: हिलबर्ग यांनी मंडळं पाहिली ती जर्मन कागदांतून. १९७२ मध्ये यशाया ट्रंक यांनी ज्यू साधनांवरून मंडळांचा अभ्यास केला आणि गावागावांत वागणं किती वेगवेगळं होतं ते दाखवलं.

दुसरा वाद हिटलरच्या हुकुमाचा. १९६१ च्या आवृत्तीत हिलबर्ग यांनी १९४१ मध्ये हिटलरने ज्यूंना मारण्याचे दोन हुकूम दिल्याचं लिहिलं होतं. १९८५ च्या तीन खंडांच्या आवृत्तीत मजकुरातले ते उल्लेख गेले. असा लेखी हुकूम सापडलेला नाही, आणि इतक्या दूर पसरलेल्या नोकरशाहीने वरच्यांची व एकमेकांची मनं ओळखून पावलं टाकली, हे त्यांना जास्त पटू लागलं होतं. हिटलरला यातून सूट मिळते असा अर्थ नाही. जबाबदारीचं वर्तुळ तेवढं रुंद होतं. ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने हा बदल नेमका टिपला. संहार नाकारणारा एर्न्स्ट झ्युंडेल याच्यावर १९८५ मध्ये टोरोंटोत खटला चालला, तेव्हा सरकारी पक्षाचे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून हिलबर्ग उभे होते, आणि उलटतपासणीत याच हुकुमांवरून त्यांना घेरण्याचा प्रयत्न झाला. १९८८ च्या फेरखटल्यात ते साक्षीला गेले नाहीत.

तिसरा वाद आकड्यांचा. सर्वत्र ‘साठ लाख’ म्हटलं जातं. हिलबर्ग यांचा आकडा ५१ लाख. घेट्टो, उपासमार, रोगराई यांत ८ लाखांहून जास्त. गोळ्या घालून १३ लाखांहून जास्त. छावण्यांत ३० लाखांपर्यंत. फरक येतो मोजण्याच्या रीतीतून. युद्धाआधीच्या लोकसंख्येतून नंतरची वजा केली की बदललेल्या सीमा, पळून गेलेले लोक, सोव्हिएत जनगणना या सगळ्यांच्या चुका उत्तरात शिरतात. कागदांवरून बेरीज केली तर नोंद न झालेले मृत्यू निसटतात. हिलबर्ग जिथे कागद संपतो तिथे थांबणारे, म्हणून त्यांचा आकडा खालचा. संहार नाकारणारे हा आकडा झेंड्यासारखा फडकवतात, पण त्यामागची देशवार कोष्टकं कधी उघडत नाहीत.

हिलबर्ग ४ ऑगस्ट २००७ रोजी व्हरमाँटमध्ये गेले. मुख्य ग्रंथाची दुरुस्ती त्यांनी थांबवलीच नाही. तिसरी आवृत्ती २००३ मध्ये येल विद्यापीठाने काढली, सोव्हिएत संघ कोसळल्यावर खुल्या झालेल्या दफ्तरांतली भर घालून.

वाचायला घ्यायचं तर थेट तीन खंडांना हात घालू नका. १९९२ चं ‘परपेट्रेटर्स, व्हिक्टिम्स, बायस्टँडर्स’ आधी घ्या: छोटी प्रकरणं, आणि त्यात डॉक्टर, वकील, मिश्रविवाहित जोडपी, शेजारी अशी माणसं भेटतात. मग १९९६ चं आत्मकथन, त्यात नकारांच्या पत्रांची हकीकत आहे. मुख्य ग्रंथाची एका खंडातली विद्यार्थी आवृत्तीही निघाली होती, पण तिच्यात तळटिपा गाळल्या आहेत, आणि हिलबर्ग यांच्या बाबतीत अर्धं पुस्तक तळटिपांतच असतं. मोठी आवृत्ती हाती आली तर हद्दपारीच्या प्रकरणातला रेल्वेचा भाग आधी वाचा, आणि प्रत्येक टिपेत कागद कुणी कुणाला लिहिलाय तेवढं बाजूला टिपून ठेवा.